अख्ख्या बिया

आमच्या बागेत एक नियम होता. तोडणीचा दिवस ठरेपर्यंत पारखी सोडून कुणी द्राक्षाचा मणी तोंडात घालायचा नाही. पारखी म्हणजे माझे सासरे. हे नाव त्यांना लोकांनी दिलं की त्यांनीच घेतलं, मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते बाटलीच्या लेबलावरसुद्धा छापलेलं होतं. नियमाचं कारण असं सांगायचे, की दहा तोंडं चाखायला लागली की दहा मतं होतात, आणि दहा मतं जुळेपर्यंत बाग सडते. ऐकायला बरं वाटतं. माझ्या नणंदेनं लहानपणी एक घड चोरून खाल्ला, तर तिला दुपारभर रिकाम्या पिंपात बसवलं होतं. हे ती आजही कौतुकानं सांगते. त्यात कौतुक कसलं ते मला कधी कळलं नाही, पण मी पडले सून. सासरच्या गोष्टी ऐकताना सुनेनं हसायचं असतं, म्हणून हसायचे.

आणि नियम पाळायचे. हे मुद्दाम सांगते, कारण माझा सगळा मूर्खपणा त्यातच आहे. मी वाइन करणारी बाई. लग्नाआधी दुसऱ्यांच्या तळघरांत नोकऱ्या करून हात जांभळे करून घेतलेली. आणि तरी सासरच्या बागेत तोडणीआधी मी एक मणी चाखला नाही. माझ्या हातात साखर मोजायची नळी असायची. मणी चिरडून थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरून आकडा बघायचा आणि मोठ्यानं सांगायचा. रस लागलेलं बोटसुद्धा मी अॅप्रनला पुसायचे, चाटायचे नाही. इतकी गुणाची सून शोधून सापडली नसती.

घरात कामं वाटलेली होती. बाग सासऱ्यांची आणि माझ्या नवऱ्याची, विक्री नणंदेची, आणि टाक्यांची खोली माझी. ती खोली मला त्या घरात मिळालेली एकमेव जागा होती, जिथं मला कुणी ‘असं नाही, तसं’ म्हणत नव्हतं. सिमेंटची जमीन, मधोमध उताराची मोरी, भिंतीला लागून स्टीलच्या चार टाक्या, कोपऱ्यात प्रेस. पहाटे आत शिरलं की थंडगार ओला वास यायचा आणि मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

आमची तांबडी वाइन लोक एकाच गोष्टीसाठी घ्यायचे. घोट घेतला की आधी फळ लागतं. तुती, आलुबुखार, जरासं चेरीसारखं काहीतरी, आणि गिळल्यावर जीभ स्वच्छ. लाकडाच्या पिंपात मुरवणं नाही, वर्षानुवर्षं झोपवून ठेवणं नाही. यंदाची द्राक्षं पुढच्या वसंतात बाटलीत. लोकांना वाटतं, ही सोपी वाइन. सोपी कसली डोंबलाची! लाकडात ठेवलेल्या वाइनला आपली पापं लाकडाच्या वासामागं लपवता येतात. फळाच्या वाइनला लपायला जागा नसते. जे केलं ते सगळं ग्लासात दिसतं.

ती वाइन लागोपाठ दोन वर्षं कडू झाली.

आंबट नाही, खराब नाही. कडू. घोट घेतला की फळ लागायचं, अगदी खरं फळ, आणि गिळता गिळता जिभेच्या मुळाशी कुणी लाकडाचा भुसा ठेवल्यासारखं व्हायचं. पहिल्या वर्षी मी स्वतःलाच धरलं. साली जास्त दिवस भिजल्या असतील, टाकी तापली असेल, प्रेस एक फेरा जास्त फिरवला असेल. दुसऱ्या वर्षी साली लवकर काढल्या, टाकीभोवती थंड पाणी खेळवलं, प्रेस तर असा हळू फिरवला की आत अंडी ठेवली असती तरी फुटली नसती. तरी कडू. त्या दिवशी मी मोरीपाशी बसून रडले. मला वाटलं, माझं कसब गेलं. माणसाचा आवाज जातो, तसं.

पारखींनी एक घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हात जड पडला.”

एवढंच. पण ते तीन शब्द घरभर झाले, मग बागेतल्या कामगारांत झाले, मग दुकानदारांत. माझं नावच ‘जड हात’ पडलं. नणंद तर काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. जेवताना म्हणाली, “कारलं तुपात तळा, साखरेत घोळा, कडू ते कडूच राहायचं.” मी म्हटलं, “वन्सं, कारलं कोण, वाइन की मी?” ती म्हणाली, “तू कशाला अंगाला लावून घेतेस?” माझा नवरा मूग गिळून भाकरीचा... नाही, खोटं कशाला सांगू, तो भात कालवत होता. मान वर केली नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात नणंदेनं स्पष्टच सांगितलं. शहरातला एक तज्ज्ञ तिनं हेरून ठेवला होता. गळ्यात मफलर, बोलताना डोळे मिटणारा. यंदाची वाइन कडू निघाली तर टाक्यांची खोली त्याच्याकडं जाणार. मी बाटल्यांना लेबलं लावायची, किंवा घर बघायचं.

“बाबांना मान्य आहे,” ती म्हणाली.

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते म्हणाले, “एक वर्ष देऊ की. माणूस शिकतो.”

मी त्यांच्यापुढं हात जोडायचे तेवढे बाकी राहिले होते. त्या खोलीसाठी तेही केलं असतं.

त्या वर्षी ऊन फार कडक होतं. मला नवऱ्याबरोबर मळ्यात जावं लागायचं, कारण माणसं कमी होती. वेलींची सकाळच्या उन्हाकडची पानं काढायची, घडाला वारा लागावा म्हणून. दुपारच्या उन्हाकडची ठेवायची, मणी करपू नयेत म्हणून. एका वेलीवर घड फार झाले की काही कापून खाली टाकायचे, म्हणजे उरलेल्यांत चव भरते. हिरवे घड पायाखाली तुडवत जाताना जिवावर येतं. नवरा मात्र न थांबता कापत जायचा. त्या कामात तो फार चांगला. कुठला घड राहू द्यायचा आणि कुठला नाही हे त्याला लांबून कळायचं.

मग तो दिवस आला. पारखी बागेत उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. कामगार वाटेवर क्रेट उपडे घालून बसलेले, नणंद छत्री घेऊन, नवरा क्रेट मोजतोय, आणि मी नळी घेऊन त्यांच्या मागे दोन पावलं.

बघण्यासारखं दृश्य असायचं ते, नाही म्हणत नाही. घडाच्या सावलीतल्या बाजूचा मणी तोडायचे. आधी बोटांत दाबायचे. मग तोंडात. साल एका गालात, गर गिळला, बी दाढेखाली. त्या बीवर सगळं असतं. मण्यातली साखर मोजायला माझी नळी होती, पण बी पिकली की नाही ते मोजायला दाढेशिवाय यंत्र नाही. पिकलेली बी तपकिरी असते, कटकन फुटते, भाजलेल्या दाण्यासारखी लागते. कच्ची बी चिवट, आणि कडू. ऊन कडक असलं की साखर धावत पुढं जाते आणि बी मागं राहते. मणी गोड, बी हिरवी. अशी द्राक्षं तोडली की त्या बिया टाकीत रसाबरोबर आंबतात आणि आपला सगळा कडूपणा वाइनला देतात.

हे मला पाठ होतं. मग दोन वर्षं बियांवर संशय का आला नाही, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलंय. उत्तर लाजिरवाणं आहे. बिया पारखींनी बघितल्या होत्या, म्हणून. चोथ्यात बिया दिसायच्या, पण दहा दिवस वाइनमध्ये भिजलेली बी जांभळीच असते, पिकलेली असो की कच्ची.

ते पाचव्या की सहाव्या ओळीत होते. जबडा हलत होता, डोळे आभाळाकडं. मग त्यांनी बिया तळहातावर थुंकल्या, बघितल्या, मान हलवली आणि मूठ उघडून खाली सोडल्या. मी मागून येत होते. बुटाची नाडी सुटली म्हणून वाकले, तर बिया माझ्या समोर मातीवर.

अख्ख्या होत्या.

मी एक उचलली. दाताची खूण नाही, चीर नाही, काही नाही. दुसरी उचलली, तशीच. पुढच्या ओळीत ते पुन्हा थांबले, पुन्हा जबडा हलला, पुन्हा मूठ उघडली. मी पुन्हा वाकले. अख्ख्या. ते बिया गालात ठेवून नुसता जबडा हलवत होते.

मग मी त्या बागेत पहिल्यांदा नियम मोडला. घडाच्या मागच्या बाजूचा मणी तोडला, त्यांची पाठ होती तोवर तोंडात टाकला आणि बी चावली. ती फुटली नाही, चेचली गेली. आणि तो कडूपणा आला. तोच. दोन वर्षं जो मी टाक्यांत, प्रेसमध्ये, माझ्या हातांत शोधत होते तो. मला ओरडावंसं वाटलं. आनंदानं की रागानं, आता सांगता येणार नाही.

पारखी वाटेवर आले आणि म्हणाले, “उद्या.”

कामगार उठले. मी म्हटलं, “बाबा, अजून थोडे दिवस थांबू या का? आठवडाभर तरी.”

कामगार जिथल्या तिथं थांबले. तोडणीच्या दिवसावर त्या घरात कुणी बोललेलं नव्हतं.

“का?” ते म्हणाले.

मी काय सांगणार होते? मी चाखलंय म्हणून? की तुम्ही चाखलेलं नाही म्हणून? वीस माणसांपुढं? म्हाताऱ्यानं काठी दोन्ही हातांनी धरली होती. मी म्हटलं, “बिया कच्च्या असतील, असं वाटतंय.”

“यंत्र काय म्हणतं तुझं?”

मी आकडा सांगितला. आकडा भरलेला होता.

“यंत्र हो म्हणतंय. मी हो म्हणतोय. मग नाही कोण म्हणतंय?”

कामगार हसले. नणंद म्हणाली, “जिचा हात जड, तिचं तोंड तरी हलकं असावं.” मी नवऱ्याकडं बघितलं. तो क्रेटच्या थप्प्या मोजत होता. मघाशीच मोजून झाल्या होत्या.

संध्याकाळी खोलीत मी त्याला म्हटलं, “बाबांनी बी चावलीच नाही. एकही. मी उचलून बघितल्या.”

तो मोजे काढत होता. म्हणाला, “तुला तसं वाटलं असेल.”

“अख्ख्या होत्या.”

“गर गिळताना काही बिया अख्ख्या सुटतात. वय झालंय. उद्या तोडणी आहे, झोप.”

मला वाटलं, मुलगा आहे, बापावर बोट उचललेलं कसं सोसेल. खरं सांगते, त्याची मला दयाच आली. मनात मी माझा हिशेब मांडला होता. म्हाताऱ्यानं मध्यंतरी बदाम-अक्रोड सोडले होते, पोटाला झेपत नाहीत म्हणायचा. दोन दाढांचं काम करून घ्यायला शहरात गेला होता, ते पहिल्या कडू वाइनच्याच वर्षी. दाढा दुखत असतील, सांगायला लाज वाटत असेल. पण हे मी नवऱ्यापाशी बोलले नाही. म्हटलं, जाऊ दे. आता बाग थांबत नाही, तर टाकीत बघू.

द्राक्षं आली. मी कामगारांना सांगितलं, देठ काढा, पण मणी फोडू नका. एरवी यंत्रानं अर्धे फोडून घेतो. यंदा मणी अख्खेच्या अख्खे टाकीत सोडले आणि टाकी गार ठेवली. अख्खा मणी आतून आंबायला लागतो, बी आपल्या सालीच्या आत निजून राहते, आणि फळाचा वास कोंडलेला राहतो. पण मणी कधी ना कधी फुटतातच. तळचे वजनानं फुटतात, मग वरचे. फुटले की बिया सुटतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. आंबवण जसजशी चढते, दारू तयार होते, तसतसा बीचा कडूपणा जास्त निघतो. म्हणजे मला बियांच्या आधी पोहोचायचं होतं.

मी काय केलं ते सांगते, कारण त्या घरात ते कुणी विचारलं नाही. रोज सकाळी मी टाकीतला सगळा रस खालच्या नळानं दुसऱ्या टाकीत काढायचे. साली आणि मणी आपल्या वजनानं खाली बसायचे, बिया सुटून तळाला यायच्या. मग खालचं दार उघडायचं, हात खांद्यापर्यंत आत, आणि चाळणीनं बिया ओढून काढायच्या. मग रस पंपानं पुन्हा वरून हळूच सालींवर सोडायचा, पाऊस पडावा तसा. हे दिवसातनं एकदा केलं तर चालतं म्हणतात. मी संध्याकाळी पुन्हा करायचे. पंपाचा आवाज, पाइपची वेटोळी, पायाखाली चिकट लाल पाणी, आणि त्या आंबवणीतून येणारा वायू असा, की दार उघडताना तोंड बाजूला न करणारा माणूस तिथंच आडवा व्हायचा. माझी पाठ मोडली. नखांत बिया, केसांत बिया, पलंगावर बिया.

बादल्याच्या बादल्या निघाल्या. धुऊन बघितल्या सुरुवातीच्या. हिरव्या, सगळ्या हिरव्या.

त्या बादल्या उचलून खताच्या खड्ड्यापर्यंत नेल्या माझ्या नवऱ्यानं. मी बोलावलं नव्हतं. तो सकाळी यायचा, दोन्ही हातांत दोन बादल्या घ्यायचा आणि जायचा. या कसल्या बिया, कशाला काढतेस, एक शब्द विचारला नाही. खड्ड्यात टाकून वर माती ओढायचा आणि बादल्या धुऊन परत आणून ठेवायचा. एक दिवस माझ्या खांद्याला तेल चोळून दिलं. मला भरून आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आणि मी त्या दिवसांत नव्यानं त्याच्या प्रेमात पडले. म्हटलं, तोंडानं बोलत नाही, पण माझ्या बाजूला उभा आहे.

रसात थोडी गोडी शिल्लक असतानाच मी वाइन सालींवरून काढली. जी आपोआप वाहून आली तेवढीच घेतली. चोथा प्रेसमध्ये घातला, पण जी दाबून निघाली ती वेगळ्या टाकीत; तिच्यात उरलेला कडूपणा होता. तिला फळाच्या टाकीजवळ फिरकू दिलं नाही. मग थंडी आली. गाळ बसला. मी दर काही दिवसांनी नळ उघडून घोटभर घ्यायचे आणि कडूपणाची वाट बघायचे. तो येत नव्हता. तुती आली, आलुबुखार आला, चेरी आली. कडूपणा आला नाही.

वसंतात नणंदेनं मोठ्या दुकानांच्या खरेदीदाराला बोलावलं. बैठकीच्या खोलीत पांढरा कपडा घातलेलं टेबल, दुपारचं ऊन, आणि तो मफलरवाला तज्ज्ञही आलेला, म्हणजे निकाल लागला की लगेच किल्ली घ्यायला. मी वाइन ओतली. जड हातानं, पण एक थेंब सांडू दिला नाही.

खरेदीदार जाडजूड, कमी बोलणारा गृहस्थ. त्यानं नाक ग्लासात घातलं, मग घोट घेतला, गिळला आणि वाट बघत बसला. मागच्या दोन वर्षांत इथंच चेहरा बदलायचा. बदलला नाही. त्यानं दुसरा घोट घेतला. तो विकणाऱ्यापुढं कधी दुसरा घोट घेत नाही म्हणतात.

“फळ आहे यात,” तो म्हणाला. “आणि मागं काही नाही. स्वच्छ. काय केलंत यंदा?”

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

पण बोलेल त्याची बोरं विकतात, आणि त्या घरात बोलणारी नणंद होती. “आमच्याकडं सगळं तोडणीच्या दिवसावर असतं,” ती म्हणाली, “आणि तो दिवस ठरवतात बाबा. बी चावून बघून.”

खरेदीदारानं वळून पारखींना मान लववली. “मग दिवस अचूक साधलात.”

पारखींनी ग्लास दोन्ही हातांत धरला होता. ते म्हणाले, “द्राक्ष वेळेवर तोडलं की वाइन आपोआप होते. मागची दोन वर्षंही दिवस बरोबरच होता. हात जड पडला. पोर चुकली. शिकली आता.”

“शिकली शेवटी,” नणंद म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले. तज्ज्ञसुद्धा हसला, डोळे मिटून. खोली माझ्याकडं राहिली. मला हवं होतं ते मिळालं. आणि मी तिथं उभी राहून बघत होते, की मी हातानं एकेक करून काढलेल्या बियांवर त्या म्हाताऱ्याची पारख पक्की बसली. वाइन कडू झाली असती तर कधीतरी कुणी विचारलं तरी असतं. आता कुणी विचारणार नव्हतं. पुढच्या वर्षीही ते हिरवी बाग तोडायला सांगणार, आणि मी पुन्हा खांद्यापर्यंत हात घालणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्याशानं आपल्या हातानं दोर वळून दिला होता.

मी ग्लास गोळा करून टाक्यांच्या खोलीत गेले. मागोमाग नवरा आला. खूश होता. त्यानं माझ्या हातातला ट्रे घेतला आणि ओट्यावर ठेवला.

“राहिली ना खोली तुझी?” तो म्हणाला.

“राहिली.”

“मग तोंड का पाडलंस?”

“मी त्यांना सांगणार आहे. सगळ्यांपुढं नाही. त्यांना एकट्याला. की मला माहीत आहे. पुढच्या वर्षी दिवस मी ठरवीन, घोषणा त्यांनी करावी. मला नाव नको.”

तो घाबरला. “नको, तसं करू नकोस. दातांचं त्यांना फार लागतं. आरशापुढंसुद्धा उभे राहत नाहीत कवळी काढल्यावर.”

नळातून एक थेंब मोरीत पडला. मग दुसरा.

“मी दातांचं काही बोललेच नव्हते,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

“कवळी?” मी म्हटलं. “दोन दाढांचं काम होतं ना?”

“सगळेच काढावे लागले. वरचे, खालचे. हिरड्या गेल्या होत्या.” तो हळू बोलत होता. “मीच नेलं होतं. ते म्हणाले, घरी दोन दाढा सांग. टाळूवर ती प्लेट बसवली की त्यांना चवही नीट लागत नाही. बी दाढेखाली धरली की कवळी उचकटते. रडले गं ते दवाखान्यात. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.”

“आणि मी रडले तेव्हा? इथं, या मोरीपाशी. तू दारात उभा होतास.”

“तू तरुण आहेस. तुला सोसतं. त्यांच्याकडं दुसरं काय आहे? पारख गेली तर ते नुसते एक म्हातारे.”

“आणि मी?”

तो ट्रेमधले ग्लास ओट्यावर काढायला लागला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी दोन वर्षं खाल्ला, आणि तोंड दाबणारा हात याचा होता. बादल्या उचलणाराही हाच. मला त्या बादल्या आठवल्या. तो माझ्या बाजूला उभा नव्हताच. तो बापाच्या बिया पुरत होता.

तरी मला वाटलं, एक दार अजून उघडं आहे. त्याला कवळीचं माहीत होतं. बाग कच्ची आहे हे कुठं माहीत असणार? दात नसले तरी म्हाताऱ्याचा अंदाज बरोबर येत असेल, असं त्यानं धरलं असेल. नियम तर त्यालाही होता. मला ते खरं असायला हवं होतं. मी त्याला ते सोपं करून दिलं.

“बरं,” मी म्हटलं. “त्यांचे दात गेले होते, ते सांगू शकले नाहीत. समजलं. तुझे तर शाबूत होते. दोन वर्षं घर माझ्यावर थुंकत होतं, तेव्हा एकदा, नुसतं एकदा, तू स्वतः एक बी चावून बघायची होतीस.”

तो ओट्यावरचे ग्लास सरळ करत राहिला. एक, मग त्याच्या शेजारचा.

“चावली होती,” तो म्हणाला.

“कधी?”

“दरवर्षी. तोडणीच्या आदल्या दिवशी.”

“मग?”

त्यानं शेवटचा ग्लास रांगेत ठेवला.

“कडू होती.”